सॉफ्टवेअर शिकायचं पुस्तक कसं निवडाल : नाशिकमध्ये नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

सातपूर-अंबडची कंपनी असो, कॅनडा कॉर्नरचं सीए ऑफिस असो, नाहीतर पिंपळगावचा द्राक्ष निर्यातदार. नोकरीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "टॅली येतं का? एक्सेल येतं का?" मग क्लास लावायचा की पुस्तकावर भागवायचं यावर घरात खल होतो, आणि एका संध्याकाळी मेन रोडला जाऊन "काका, टॅलीचं एखादं चांगलं पुस्तक द्या" म्हटलं जातं. काका जे पुढ्यात टाकतील ते घरी येतं. दुसऱ्या-तिसऱ्या धड्यापर्यंत गाडी बरी चालते. मग पुस्तकात एक आणि पडद्यावर भलतंच दिसायला लागतं, आणि माणूस स्वतःलाच ढ समजू लागतो.

मी अकाउंट्सच्या कामात आहे. नव्यानं लागलेली मुलं-मुली शेजारी बसून शिकतात, आणि त्यांच्या बॅगेतून येणारी पुस्तकं मी नेहमी चाळतो. त्यातली निम्मी पुस्तकं वाईट नसतात, चुकीच्या माणसाच्या हातात पडलेली असतात. पुस्तक तुमच्या मशीनवरच्या आवृत्तीला आणि तुमच्या कामाला लागू पडतं का, एवढंच पाहायचं असतं, आणि ते दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं. कसं, ते सांगतो.

घरून निघताना सोबत घ्या

- सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा मोबाइलवर काढलेला फोटो (पायरी १)
- तीन कामं लिहिलेली चिठ्ठी (पायरी २)
- मोबाइलमध्ये नेट, पुस्तकातल्या लिंक तिथंच तपासायला
- चष्मा लागत असेल तर तो. पडद्याची चित्रं फार बारीक छापतात.

## १. आपल्याकडं कोणती आवृत्ती आहे ते आधी टिपा

टॅलीत एफ-१ दाबून हेल्पमधल्या 'अबाउट'मध्ये जा. एक्सेलमध्ये 'फाइल' आणि मग 'अकाउंट'. ऑटोकॅडमध्ये कमांड लाइनवर 'अबाउट' टाइप करा. जे दिसेल त्याचा फोटो काढा. "माझ्याकडं लेटेस्ट आहे" हे उत्तर चालत नाही. भाच्यानं टाकून दिलेलं लेटेस्ट किती वर्षांपूर्वीचं असतं, हे भाच्यालाही ठाऊक नसतं.

घरी सॉफ्टवेअरच नसेल तर पुस्तकाआधी त्याची सोय करा. टॅलीप्राइम 'एज्युकेशनल मोड'मध्ये फुकट चालतं. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिसचं कॅल्क फुकट उतरवता येतं, मात्र मग पुस्तकही कॅल्कचंच पाहा. क्रॅक केलेली कॉपी टाकून घेऊ नका. व्हायरसचा धोका आहेच, शिवाय तिची नेमकी आवृत्ती कळणं कठीण.

एज्युकेशनल मोडमधली एक मेख : त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात. पुस्तकातला सराव १५ एप्रिलच्या खरेदीचा असेल तर टॅली ती तारीख घेणारच नाही. नवखा माणूस इथं तासभर डोकं फोडतो. ज्या पुस्तकात ही गोष्ट पहिल्या काही पानांत सांगितली आहे, किंवा सरावाच्या तारखाच १, २ आणि ३१ अशा दिल्या आहेत, ते शिकणाऱ्याचा विचार करून लिहिलंय असं खुशाल समजा. दुकानात सगळ्यात आधी मी हेच बघतो.

## २. "टॅली शिकायचंय" याला काम म्हणत नाहीत

चिठ्ठीवर तीन कामं लिहा. करून झाल्यावर झालं की नाही हे ज्याचं त्याला कळेल, अशी. उदाहरणार्थ :

- सुरतच्या पार्टीला जीएसटीसकट विक्रीचं बिल करणं, आणि माल परत आला तर क्रेडिट नोट काढणं
- बँकेच्या स्टेटमेंटशी खातं जुळवणं
- लासलगावच्या आडत्याकडून आलेल्या यादीतून गाडी नंबर टाकला की वजन आणि भाव आपोआप यावा, असं एक्सेल करणं

कामं सुचत नसतील तर ज्या प्रकारची नोकरी हवी आहे तिथं काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा : "तुम्ही सकाळी आल्यावर पहिलं काय करता?" या प्रश्नाला फार नेमकी उत्तरं मिळतात. आता दुकानात तुम्ही जाडी आणि मुखपृष्ठ बघणार नाही, ही तीन कामं अनुक्रमणिकेत शोधाल.

## ३. पुस्तकाचं वय काढा

आतलं छपाईचं पान उघडा. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' ही दोन वेगळी वर्षं असतात. पुनर्मुद्रण २०२४ असलं तरी मजकूर २०१६ सालच्या आवृत्तीचा असू शकतो. मुखपृष्ठावर 'जीएसटीसह' असा गोल शिक्का असतो, त्यावरही विसंबू नका. जुन्या पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण चिकटवूनही तो मारता येतो. खरं वय आतल्या मजकुरात दिसतं.

टॅली : टॅली ईआरपी ९ हे २००९ सालचं, टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. लेजर (म्हणजे खातं) तयार करायला पुस्तक 'अकाउंट्स इन्फो'मध्ये पाठवत असेल तर ते ईआरपी ९ चं आहे. प्राइममध्ये 'गेटवे'वरच, म्हणजे टॅलीच्या मुख्य पडद्यावरच, 'क्रिएट' असतं. त्याहून पक्की खूण क्रेडिट नोटची. ईआरपी ९ मध्ये ती कंट्रोल+एफ-८ वर होती, प्राइममध्ये आल्ट+एफ-६ वर आहे. आणि प्राइममध्ये कंट्रोल+एफ-८ रिकामं नाही, ते सेल्स ऑर्डरला दिलंय! म्हणजे जुनं पुस्तक वाचून तुम्ही क्रेडिट नोट काढायला जाल आणि पुढ्यात येईल विक्रीची ऑर्डर. मजा अशी की एफ-४ ते एफ-९ या रोजच्या कळा (काँट्रा, पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स, पर्चेस) दोन्हीकडं त्याच आहेत. म्हणून जुनं पुस्तक सुरुवातीला अगदी बरोबर वाटतं आणि नंतर फसवतं.

जीएसटी : १ जुलै २०१७ च्या आधीचं व्हॅटचं पुस्तक फुकट मिळालं तरी नको. पण केवळ उदाहरणात १२ किंवा २८ टक्के दर दिसला म्हणून पुस्तक बाजूला टाकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दोन टप्पे जाऊन बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या आहेत. दर आपण हातानं टाकतो, तो बदलला तरी बिल करायची रीत तीच राहते.

एक्सेल : एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी असतात असं लिहिलं असेल तर पुस्तक २००३ च्या जमान्यातलं आहे. एक्सेल २००७ पासून त्या १०,४८,५७६ झाल्या, आणि वरचा मेनू जाऊन रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, आला. उलटी अडचणही येते. नवं पुस्तक एक्सलुकअपवर (यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं सूत्र) सगळं शिकवतं, आणि तुमच्या ऑफिसात एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर त्यात एक्सलुकअप नाहीच. अशा वेळी त्याच कामाचं जुनं सूत्र, व्हीलुकअप, शिकवणारं पुस्तकच कामाचं. नवं पुस्तक ते चांगलं, असं धरून चालू नका.

मराठी टायपिंग : पुस्तक रेमिंग्टन कळफलकाचं आहे की इनस्क्रिप्टचं, ते पाहा. परीक्षेला बसणार असाल तर आधी संस्थेत विचारून घ्या. एकाची बोटं बसली की दुसऱ्यावर वळवणं जिकिरीचं होतं.

## ४. दुकानात एक पान नीट वाचा, दहा चाळू नका

चिठ्ठीवरचं एक काम निवडा. मी सुरतचं बिल घेतो, कारण नाशिकच्या माणसाला गुजरातचा व्यवहार कधी ना कधी लागतोच, आणि बऱ्याच पुस्तकांत नेमकं तेच गाळलेलं असतं. पुण्याच्या पार्टीला, म्हणजे राज्यातल्या राज्यात माल गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, सुरतेला, म्हणजे राज्याबाहेर गेला की आयजीएसटी. दोन्ही बिलं शेजारी शेजारी करून दाखवणारं पुस्तक हवं.

ते पान सापडलं की त्यात चार गोष्टी शोधा.

आधी तयारी. बिल करण्यापूर्वी पार्टीचं लेजर 'संड्री डेटर्स'खाली, कराची लेजरं 'ड्यूटीज अँड टॅक्सेस'खाली, पार्टीचं राज्य आणि जीएसटी नंबर भरलेला, हे सगळं झालेलं असावं लागतं. हे एकतर त्याच पानावर असावं, नाहीतर "पान अमुक पाहा" असं तरी असावं. थेट "एफ-८ दाबा" पासून सुरू करणाऱ्या पुस्तकाला तुमच्याकडं सगळं तयार आहे असं वाटतंय.

दुसरं, एका ओळीत एकच कृती. "आवश्यक ती माहिती भरून व्हाउचर सेव्ह करा" हे वाक्य दिसलं की सावध व्हा. आवश्यक म्हणजे कोणती? तेच तर शिकायला आलोय ना!

तिसरं, योग्य झालं तर काय दिसेल. "आता खाली आयजीएसटीची रक्कम आपोआप येईल, एकूण बिल इतकं होईल" असा आकडा छापलेला असला की घरी एकट्यानं करताना ताळा मिळतो.

चौथं, तसं दिसलं नाही तर काय. कर शून्य आला, तर कुठं परत जायचं? पार्टीचं राज्य महाराष्ट्रच राहिलंय का, वस्तूला दर लावलाय का, जीएसटी एफ-११ मध्ये चालू आहे का. हे तीन प्रश्न ज्या पानावर आहेत, तो लेखक कधीतरी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसलेला आहे.

चारही गोष्टी नसतील तर दुसरं पुस्तक मागा. दुकानदार कुरकुरतील, पण पाच मिनिटं उभं राहून वाचणाऱ्याला नाशिकमध्ये अजून कुणी हाकलत नाही.

## ५. चुकीचं उत्तर कसं ओळखायचं, हे सांगितलंय का?

एक्सेलचं पुस्तक घेताना मी व्हीलुकअपचं पान काढतो आणि सूत्राच्या कंसातल्या चौथ्या जागेबद्दल काय लिहिलंय ते बघतो. त्या जागी फॉल्स किंवा शून्य टाकलं तर एक्सेल तंतोतंत जुळणारी नोंद शोधतं. ती जागा लिहिलीच नाही तर जवळपासची नोंद चालवून घेतं, आणि यादी चढत्या क्रमानं लावलेली नसली की बिनदिक्कत चुकीचा भाव आणून ठेवतं. एरर येत नाही, लाल रंग येत नाही, काही नाही. आडत्याच्या हिशोबात एका गाडीला दुसऱ्या गाडीचा भाव लागतो आणि संध्याकाळी पैसे जुळत नाहीत. "शेवटी फॉल्स लिहा" एवढंच सांगणारं पुस्तक ठीक म्हणायचं. का लिहायचं ते दोन ओळींत दाखवणारं पुस्तक घ्या.

तिथंच आणखी एक गोष्ट पाहा : गाडी नंबर डोळ्यांना सारखाच दिसतोय तरी उत्तर 'एन-ए' येतंय, याचं काय? बऱ्याचदा नंबरच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली असते, आणि ती ट्रिम फंक्शननं जाते. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या याद्यांत हा त्रास फार. ज्या पुस्तकात सगळी उदाहरणं पहिल्या फटक्यात बरोबरच येतात, ते माझ्या मते अर्धंच लिहिलेलं पुस्तक आहे.

## ६. मराठी घ्यायचं की इंग्रजी?

समजावणं मराठीत आणि मेनूची नावं पडद्यावर जशी दिसतात तशी, रोमन अक्षरांतच. हा मेळ असलेलं पुस्तक नवख्याला सगळ्यात सोयीचं. काही पुस्तकांत मेनूचंही भाषांतर केलेलं असतं. ती वाचायला छान, पण 'धारिका जतन करा' हे बटण पडद्यावर कुठंच सापडत नाही.

इंग्रजी जेमतेम वाचता येत असेल तरी घाबरून जाऊ नका, सॉफ्टवेअरच्या पुस्तकांतलं इंग्रजी सोपं असतं. अडचण परदेशी उदाहरणांची. अमेरिकी पुस्तकात तारीख महिना-दिवस अशी लिहितात. ०५/०६ म्हणजे तिथं ६ मे, आपल्याकडं ५ जून. वरून लाख-कोटींचे स्वल्पविराम नाहीत, जीएसटी तर नाहीच. एक्सेलची सूत्रं शिकायला ते चालेल. हिशोबाच्या कामाला भारतीय लेखकाचंच घ्या.

## ७. अंबड-सातपूरच्या ड्रॉइंगवाल्यांसाठी थोडं वेगळं

ऑटोकॅडच्या जुन्या कमांड बहुतेक टिकून आहेत, त्यामुळं जुन्या पुस्तकावरही बरंच काम भागतं. पण ट्रिमचं पान नक्की पाहा. जुन्या पुस्तकात आधी कापणारी कड निवडून एंटर मारायला सांगतात. २०२१ च्या आवृत्तीपासून ट्रिम आपणहून 'क्विक' मोडमध्ये उघडतं आणि ती कड विचारतच नाही, थेट रेघ कापतं. पुस्तकाप्रमाणं चालायचं असेल तर 'ट्रिमएक्स्टेंडमोड' शून्य करावा लागतो.

दुसरं, मोजमापं. पुस्तकात इंच असतील आणि 'एकॅड' टेम्प्लेटवर सुरुवात असेल, तर तुम्ही 'एकॅडआयएसओ'वर मिलिमीटरमध्ये सराव करताना चित्र पडद्यावर कधी ठिपक्याएवढं, कधी पडद्याबाहेर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोजेक्शन, म्हणजे वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर कुठं मांडायची ती पद्धत. आपल्याकडं फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकेत थर्ड अँगल. थर्ड अँगलच्या पुस्तकावर हात बसला तर टॉप व्ह्यू वर काढायची सवय लागते, आणि शॉपफ्लोअरवर तुमचं ड्रॉइंग उलटं वाचलं जातं. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांना हे लगेच दिसेल. थेट क्लासमधून आलेल्यांनी मुद्दाम तपासावं.

सीएनसी शिकणाऱ्यांनी मशीनवरचा कंट्रोल फानुक आहे की सीमेन्स, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

## ८. भराभर बघायच्या गोष्टी

चित्रांतली अक्षरं वाचता येतात का. शेवटी वर्णानुक्रमे सूची आहे का (मराठी पुस्तकांत ती क्वचितच असते, नसेल तर निदान अनुक्रमणिका सविस्तर हवी). सरावाच्या फाइली लिंकवर असतील तर ती लिंक तिथंच उघडून बघा. सीडी दिली असेल तर घरच्या लॅपटॉपला ड्राइव्ह आहे का ते आठवा. '३० दिवसांत तज्ज्ञ' असं मुखपृष्ठावर असेल तर त्याकडं काणाडोळा करा. शीर्षक लेखकानं ठेवलेलंच असतं असं नाही.

## ९. कुठं बघाल

मेन रोड, शालिमार, एम. जी. रोड या पट्ट्यात पायी फिरून दोन-तीन दुकानं होतात. एकाच पुस्तकावर ठरवू नका, दोन पुस्तकांतलं एकच काम शेजारी ठेवून वाचा. फरक लगेच कळतो.

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासूनचं. तुम्ही किंवा घरचं कुणी सभासद असेल तर आधी तिथं एक फेरी मारा. कुठल्याही ग्रंथालयात संगणकाची पुस्तकं जुनी असण्याची शक्यता धरूनच चला, पण कोणत्या धाटणीचं समजावणं आपल्याला झेपतं, हे पैसे न घालवता कळतं.

ज्यांच्या घरात कुणी मुक्त विद्यापीठाचा कोर्स केलाय, त्यांनी ती पुस्तकं उघडून पाहावीत, विषय कुठलाही असो. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, मग त्यांची उत्तरं. शिक्षक समोर नाही हे धरूनच ती बांधलेली असतात. सॉफ्टवेअरच्या पुस्तकातही अशीच बांधणी शोधा.

क्लासवाले 'आमच्या नोट्स घ्या, पुस्तक कशाला' म्हणतात. नोट्स क्लासमध्ये बसलेल्याला आठवण म्हणून ठीक असतात. एकट्यानं शिकायला त्या तुटक पडतात. झेरॉक्स केलेली पुस्तकं तर नकोच, पडद्याची चित्रं त्यात काळे ठोकळे होऊन येतात.

ऑनलाइन मागवणार असाल तर आतली पानं दाखवली असतील तेवढीच खरी माना, आणि परत घेण्याची अट ऑर्डर देण्याआधी वाचा. दुकानातही "उद्या बदलून मिळेल का?" हे पैसे देण्याआधी विचारायचं. नंतर विचारलं की उत्तर बदलतं.

आणि पुस्तकाला जोड म्हणून फुकटात मिळणारं : आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. टॅली आणि एक्सेल या दोन्हींच्या कंपन्यांची मदतीची पानं नेटवर आहेत. पुस्तक आणि पडदा जुळेनासे झाले की आधी तिथं पाहा, मग यूट्यूबवर.

## १०. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस

पहिल्या पानापासून वाचू नका. 'संगणक म्हणजे काय' हे प्रकरण सोडून द्या, ते पानं भरायला असतं. चिठ्ठीवरचं सगळ्यात सोपं काम काढा, पुस्तक डावीकडं ठेवा, आणि ते मशीनवर पूर्ण करा. जिथं पुस्तक आणि पडदा वेगळे निघतील तिथं समासात पेन्सिलीनं बरोबर काय ते लिहा. बदलून घ्यायचं असेल तर मात्र आधी कोरं ठेवून सराव करा. पेन्सिलीची खूण दिसली की दुकानदार हात वर करतात.

तीनपैकी दोन कामं पुस्तकाच्या आधारानं झाली तर पुस्तक ठेवा. एकच झालं तर बिल घेऊन दुसऱ्या दिवशीच दुकान गाठा. 'ॲडव्हान्स्ड' भाग दुकानदार सोबतच देऊ पाहतील, थोडी सूटही सांगतील. तो आता घेऊ नका. तिन्ही कामं पुस्तक मिटून जमायला लागली की नवी चिठ्ठी लिहा, आणि मग बघा त्यातलं काही त्या भागात आहे का.